लेकीवाला काठ

खाडीच्या काठावर गुडघे टेकले की आप्पा आधी उजवा तळवा मातीवर दोनदा थापटायचे, बाजारात बैलाच्या पाठीवर थापटतात तसा. मग मान हलवून म्हणायचे, "पोकय शे." म्हणजे काठ आतून पोकळ आहे. आम्ही टेप, स्केल आणि छापील तक्ता घेऊन ताटकळत उभे, आणि हा माणूस नुसत्या हातानं निकाल देऊन मोकळा. माझं डोकंच फिरायचं.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल बघा. ज्याचं म्हणणं शेवटी खरंच निघतं, पण ज्याच्यावर वेळेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी परभणीकडचा, नकाशे काढायला शिकलेला, सुरतेत एका खासगी सर्वेक्षण कार्यालयात नुकताच चिकटलो होतो. आप्पा अमळनेरकडचे. सुरतेच्याच पांडेसऱ्यात वीस वर्षं कापडाचे लूम चालवून कान अर्धे गेलेले, म्हणून लूम सोडून आमच्याकडं मजुरीला आले होते. ऐकू कमी येतं म्हणून मातीला हात लावून बघतो, असं ते स्वतःच हसत सांगायचे. खाडीच्या पाण्याचा रंग बघून आज कुठल्या डाइंगमध्ये कुठल्या रंगाच्या साड्या निघाल्यात, हेही सांगायचे.

काम साधं होतं. पांडेसऱ्याच्या मागच्या खाडीचे काठ ढासळत होते. कुठला काठ किती खचतो ते मोजायचं, त्यावरून दगडी बांध कुठं घालायचा ते ठरणार होतं. बांध एकाच काठाला पुरेल एवढीच मंजुरी होती. आम्ही काठात आडव्या खुंट्या ठोकायचो, मातीच्या सपाटीला लागून. दर पंधरा दिवसांनी जाऊन खुंटी किती उघडी पडली ते मोजायचं. लोखंडाच्या ठोकल्या असत्या तर भंगारात गेल्या असत्या, म्हणून आप्पांनी बाभळीच्या तासून आणल्या.

मापं आप्पा सांगायचे, मी कच्च्या वहीत लिहून घ्यायचो. भांडण व्हायचं ते काठाच्या नावावरून. तक्त्यात रकाने दोनच, डावा आणि उजवा. आप्पा म्हणायचे, "गिरणीवाला तीन बोटं. लेकीवाला एक वीत." गिरणीवाला ठीक आहे, त्या बाजूला गिरणीची भिंत होती. लेकीवाला म्हणजे काय, हे मी कधी विचारलंच नाही. असेल एखाद्या वस्तीचं नाव, असं धरून चाललो. "आप्पा, डावा की उजवा ते सांगा ना," असं मी खेकसलो की ते शांतपणे म्हणायचे, "पानी दोन्हीकडे जास भाऊ. मानसानी तोंड कुठे करानं?"

मला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय. नियम तर शाळेतल्या पोरालाही यावा. पाणी जिकडं वाहतं तिकडं तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला डावा काठ, उजव्या हाताला उजवा. एका दुपारी मी काठावर उभा राहिलो, पाण्यात काटकी टाकली, ती गेली तिकडं तोंड केलं आणि ठरवून टाकलं. लेकीवाला डावा, गिरणीवाला उजवा. पुढचे चार महिने मापं त्याच रकान्यांत सुवाच्य अक्षरात भरली. डावा काठ झपाट्यानं खचतोय, असा स्पष्ट अहवाल गेला. त्यावर साहेबांनी माझं अक्षर वाखाणलं. खाडीवर ते एकदाच आले होते, नाकाला रुमाल लावून, आणि गाडीतून उतरले नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडावर दगडांचे ट्रक आले आणि गिरणीच्या भिंतीपाशी खाली झाले.

त्या दिवशी मी दुसऱ्या मोजणीसाठी चलथाणला होतो. संध्याकाळी परत आलो तर साहेब तापलेले. आप्पा येऊन गेले होते. चपला बाहेर काढून आत आले म्हणे, आणि म्हणाले की काठांची नावं मीच उलटी सांगितली, नकाशावाल्या भाऊंना काही बोलू नका, फक्त दगड पलीकडं टाका. साहेबांनी चौकशी केली, तर पलीकडच्या काठावर आप्पांची मुलगी राहते असं निघालं. खोलीची मागची भिंत आणि खाडी यांत चार पावलंही नव्हती.

"पोरीच्या घरासाठी चार महिन्यांचं काम खोटं ठरवायला निघाला," साहेब म्हणाले. "आणि स्वतःच सांगतो की माझं चुकतं. मग आता तरी याचं खरं कशावरून?"

आप्पांना त्यांनी कामावरून काढून टाकलं होतं. आणि मी काय केलं सांगू? मीही आप्पांवरच चिडलो. उन्हातान्हात लिहिलेले तक्ते या माणसाच्या आडमुठेपणानं नासले, असं दहा जणांना सांगत सुटलो.

तिसऱ्या दिवशी, आप्पांनी नेमकं कुठं उलटं सांगितलं ते शोधायला मी तक्ते काढले. त्यांनी कुठंच डावा-उजवा म्हटलेलं नव्हतं. माझ्या कच्च्या वहीत सगळीकडं गिरणीवाला आणि लेकीवाला. डावा-उजवा फक्त पक्क्या तक्त्यात, आणि तो माझ्या अक्षरात. मूळ नकाशा उघडला. त्यावर प्रवाहाचा बाण समुद्राकडं. माझी काटकी गेली होती बरोबर उलट्या दिशेला, म्हणजे नकाशावर डावा काठ गिरणीवाला ठरत होता. त्या दुपारी भरती होती. आमच्या परभणीकडं ओढ्याचं पाणी एकदा गेलं की गेलं, ते माघारी येत असतं हे मला ठाऊकच नव्हतं. आणि वीस वर्षं खाडीशेजारी राहिलेला माणूस मला दर खेपेला तेच सांगत होता. कपाळ माझं!

आप्पांचा हिशेब मला तेव्हा कळला. मजुराची चूक साहेब चुटकीसरशी दुरुस्त करतील, कागदावरची चूक कोण कबूल करणार? शिवाय माझी नोकरीही वाचेल. इतका भाबडा हिशेब! असा राग आला मला त्यांच्या चांगुलपणाचा, की ते समोर असते तर भांडलो असतो.

पण साहेबांकडं मी लगेच गेलो नाही, हे लपवून काय करू. आठ दिवस गप्प बसलो. गावाकडून बायकोला आणायचं ठरलं होतं, खोलीची पागडी भरली होती. नवव्या दिवशी धीर करून सांगितलं, तोवर गिरणीच्या भिंतीला अर्धा बांध झाला होता. आता हा विषय पुन्हा काढायचा नाही, साहेब म्हणाले. मी काढला नाही.

श्रावणात लेकीवाला काठ गेला. सहा खोल्यांच्या मागच्या भिंती एका दुपारी खाडीत बसल्या. माणसं बाहेर होती म्हणून वाचली.

आप्पांच्या मुलीचा पत्ता मिळवायला मला दिवाळीपर्यंत वेळ लागला. खरं म्हणजे एवढा वेळ लागायचं काही कारण नव्हतं. ती मंडळी गोडादऱ्याला भाड्याच्या खोलीत आली होती. मी मोजणीच्या कार्यालयातला आहे म्हटल्यावर तिनं पाट दिला, चहा टाकला. आप्पा आहेत का विचारलं. नव्हते.

"गावाला गेले," ती म्हणाली. "आमचे हे खूप बोलले त्यांना. आप्पांनीच सांगितलं ना, माझ्या चुकीनं दगड तिकडं पडले म्हणून. तेव्हापासून यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एक दिवस पिशवी भरली आणि गेले."

मग म्हणाली, "तुमचं सांगायचे नेहमी. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणायचे."

कप खाली ठेवून मी म्हणालो, "ताई, चूक आप्पांची नव्हती. माझी होती." आणि सगळं सांगितलं, भरतीपासून त्या आठ दिवसांपर्यंत.

ती रडली नाही. फक्त म्हणाली, "हे यांच्यासमोर एकदा सांगाल? माझं ऐकणार नाहीत. बापाची बाजू घेते म्हणतील. तुम्ही सांगितलं तर जाऊन आणतील आप्पांना. सात वाजता कामावरून सुटतात हे."

साडेपाच झाले होते. मी म्हणालो, आज जरा घाई आहे, रविवारी येतो. ती दारापर्यंत सोडायला आली.

"नक्की ना? मी यांना कुठं जाऊ देत नाही रविवारी."

नक्की, म्हणालो.

मी गेलो नाही. तिनं मात्र नवऱ्याला दिवसभर घरी थांबवून ठेवलं असणार.