अकरा कोरी षटकं

"ते राहू द्या भाऊ, पहिले हे आइका." तो असं म्हणाला की मी पेन्सिल खाली ठेवायचो. आता आकडा मिळणार नाही, हे नक्की.

सिंदेवाहीला भाताच्या संशोधनाच्या कामावर आम्ही एकाच खोलीत बसत होतो. तो भाताच्या बांधीत उतरून लोंब्या मोजायचा, मी त्या तक्त्यात उतरवायचो. रविवारी तो तालुक्याच्या टीमचा यष्टिरक्षक, मी स्कोअरर. एकदा एटापल्लीच्या मॅचला मला जाता आलं नाही. सोमवारी विचारलं, किती झाले? तर अर्धा तास त्याने, तिथल्या एका म्हाताऱ्याने आपल्याला ढोल कसा शिकवला, ते टेबलावर वाजवून दाखवलं. आपण हरलो, हे मला बुधवारी बाजारात कळलं.

असा माणूस लंकेला निघाला. आपला संघ तिकडे कसोटी खेळायला जाणार होता. परदेशातली एक तरी मॅच पाहणार, असं तो दहा वर्षं सांगत होता आणि आम्ही दहा वर्षं हसत होतो. पासपोर्ट आला तेव्हा ऑफिसातल्या प्रत्येकाने तो हातात घेऊन पाहिला. शिपाई म्हणाला, "फोटोत तर आधीच आऊट झाल्यावानी दिसून राह्यले."

मी त्याला नवं स्कोअरबुक दिलं, सहा पेन्सिली तासून दिल्या आणि वचन घेतलं, एकही चेंडू सुटता कामा नये. रेडिओवर अर्धं ऐकू येतं, अर्धं खरखरतं. मला एक कसोटी अख्खी हवी होती.

त्याच्या आईने वेगळं काम सांगितलं. छप्पन साली ती याला घेऊन दीक्षेसाठी नागपूरला गेली होती. पुढे भाताच्या रोवणीत सोबतची एक बाई तिला बोलली, तुमचा धरम कालचा. ते तिच्या मनातून गेलंच नव्हतं.

"तिथी माझ्या वयाची एखादी बाई पाहा," ती म्हणाली. "तिले इचार, वंदना कोनं शिकवली."

"माय, मले त्याहीची भाषा येत नाई."

"मंग किरकेट कोनत्या भाषेत पाहून राह्यला तू?"

तिकडून मला एकच कार्ड आलं. इथेही आपल्यासारख्याच बोड्या, म्हणजे छोटी तळी, आहेत, बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून तसेच मासे धरतात, भात मात्र सकाळीही खातात. धावा एकही नाही.

परत आला त्या संध्याकाळी मी आधी वही मागून घेतली. घरी पानं उलटत गेलो आणि त्याच्यावर शंका घेतल्याचा पश्चात्ताप झाला. पहिले तीन दिवस चोख, ठिपक्याच्या जागी ठिपका. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर अकरा षटकं कोरी. पुढे पुन्हा चोख. फलकावरची एकूण धावसंख्या त्याने टिपली होती, तिच्याशी बेरीज केली तर एकोणीस धावा बेपत्ता.

मी तसाच त्याच्या घरी गेलो. अंगणात आई त्याच्यासमोर बसली होती. मी कोरं पान उघडून पुढे धरलं. "इथे काय झालं?"

"ते राहू द्या भाऊ, पहिले हे आइका."

मॅच कँडीला होती; सुट्टीत तो तिथल्या विहारात गेला होता. शेजारी पांढऱ्या साडीतली एक म्हातारी वंदना म्हणत होती, आणि याला शब्दन् शब्द येत होता. हाही म्हणू लागला. ती थांबली, याच्याकडे पाहून बोळक्या तोंडाने हसली, आणि दोघांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग याने खुणेने विचारलं, कोणी शिकवली?

इथे तो अंगणात उठून उभा राहिला. म्हातारीने आधी गुडघ्याइतका हात केला, म्हणजे मी एवढी होते. मग कमरेत वाकून काठी टेकत चालली, म्हणजे आजीने. मग आणखी वाकली, म्हणजे आजीच्या आजीने. तो वाकत वाकत कोंबड्यांच्या डाल्यावर जाऊन आदळला. कोंबड्या सुटल्या.

आई मात्र हसली नाही. "अजून वाकली?" तिने विचारलं.

"वाकतच होती माय. मीच उठवली तिले."

"आणि मॅच?" मी म्हणालो.

"आठवलीच नाई ना भाऊ."

आईला वाचता येत नव्हतं. तिने माझ्या हातातली वही घेतली आणि कोऱ्या पानावर तळवा ठेवला. "म्हणजे हे पान तिचं." वही मला परत मिळाली नाही. येईल त्याला ती ते पान दाखवायची आणि याला वाकायला लावायची. रोवणीतल्या त्या बाईलाही तिने चहाला बोलावलं. त्या दिवशी तो इतका वाकला की पुढचे दोन दिवस रजेवर होता. ती बाई पान पाहून एवढंच म्हणाली, "लई जुनं दिसते." आईने तिला दुसऱ्यांदा चहा दिला.

मागच्या वर्षी आई गेली. नंतर त्याची कोरपन्याकडे बदली झाली. लोंब्या मोजणारा माणूस आता कापसाची बोंडं मोजतो. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "आता भरून टाका भाऊ, पाहिजे तर."

त्या अकरा षटकांचा हिशोब मी जुन्या वर्तमानपत्रांतून कधीच जुळवून ठेवला आहे. पेन्सिलही तासलेली आहे. पण वही कुठूनही उघडायला जावं, ती त्या पानावरच उघडते. बाकीची पानं अजून करकरीत आहेत. ते एक तेवढं हाताने काळवंडलं आहे.