बर्फ हा दगड आहे, असं मी सांगितलं

बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी, हे मी गेली वीस वर्षं बुलढाण्याच्या शाळेत शिकवतो आणि शिकवताना तोंड फळ्याकडे ठेवतो. कारण एकदा, मोताळ्याला सासुरवाडीच्या अंगणात, मी नेमकं उलट सांगितलं होतं. तेही गळ्याची शपथ घातलेली असताना.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले, आणि मीही नागपुराहूनच विज्ञान शिकून आलो होतो. लग्नानंतरची पहिली अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. अखजीला जावयाला बोलावून गोड खाऊ घालतात. जावयाने फक्त कमी बोलायचं असतं. ते मला जमलं नाही. दोन दिवस आधीच मी पोचलो आणि जेवताना नागपूरच्या बर्फाचं वर्णन सुरू केलं. तो पाण्यावर तरंगतो, त्याच्यातून पलीकडचं दिसतं, हातात धरला तर भाजल्यासारखं होतं. सासरे मान डोलवत राहिले. त्यांच्या थोरल्या बहिणीने, सोवळ्यातल्या आत्याबाईंनी, मात्र हातातली पळी खाली ठेवली.

“पान्यात टाकला का पानी गार होते?”

“एकदम गार.”

“मंग आन्तान काय, जावईबापू?”

त्यांचे वडील भर वैशाखात गेले होते. शेवटचे तीन दिवस गार पाणी मागत होते, आणि घरातला माठसुद्धा कोमट झाला होता. अखजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या घागरीत एकदा तरी खरं गार पाणी असावं, एवढंच आत्याबाईंना हवं होतं.

भुसावळच्या एका ओळखीच्या कारकुनाला मी तार केली. अखजीच्या पहाटे अर्ध्या मणाची लादी मलकापूर स्टेशनावर उतरली. सासऱ्यांचा गाडीवान गाडी घेऊन आला होता. आम्ही लादी लाकडाच्या भुशात घातली, वर गोणपाट, त्यावर सरकी आणि सगळ्यावर दोन गोधड्या.

“इतकं पांघरून घातल्यावर त्याले घाम नाई सुटनार काय?” गाडीवानाने विचारलं.

“गोधडी ऊब देत नाही बापा. आतलं आत ठेवते, बाहेरचं बाहेर.”

“म्हनजे आमच्या म्हातारीसारखी,” तो म्हणाला आणि त्याने बैल हाकले. ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून वाटेत त्याने बैलांना पाणीसुद्धा दाखवलं नाही.

लादी जवळजवळ जशीच्या तशी आली. गोधडी काढली तशी तिच्यातून वाफ निघाली. जमलेल्यांपैकी एकाने बोट लावलं आणि “जयते बे हा,” म्हणून भाजलेलं बोट घालावं तसं ते तोंडात घातलं. एका म्हाताऱ्याने हात जोडले. आत्याबाई लांबच उभ्या होत्या.

“कोनाकोनाचे हात लागले याले? गारा देवाघरून पडतात, त्या चालतात. हा भुसावळवरून आला.”

त्यांचा नियम सरळ होता. दहा जणांच्या हातचं पाणी फेकून द्यायचं. दगड किंवा भांडं असेल तर धुऊन घ्यायचं.

“तुमी शिकेल मानूस,” त्या मला म्हणाल्या. “माह्या गळ्याची आन हाय, खरं सांगा. हे पानी हाय का दगड?”

पाणी म्हटलं असतं तर लादी मोरीत गेली असती, आणि तिच्यामागून मीही.

“दगड,” मी म्हणालो.

“कायचा?”

“पांढरा.”

आत्याबाईंचा चेहरा उजळला. “मंग धुवा.”

माझे दोघे मेहुणे विहिरीचं पाणी शेंदून ओतू लागले. वाऱ्यापेक्षा वाहत्या पाण्यात बर्फ किती तरी लवकर वितळतो, हे मला पाठ होतं. किती घागरींत लादी संपेल, याचं गणितही मी उभ्या उभ्या मनात केलं. ते बरोबर आलं. भुशाचा एकेक कण दिसला की आत्याबाई म्हणत, “आनखी एक घागर.” लादीची वीट झाली, विटेचा नारळ, नारळाचं लिंबू.

“जावईबापू,” गाडीवान हळूच म्हणाला, “आंघोळीनं बारीक होनारा दगड आजच पाह्यला.”

एकविसाव्या घागरीला भुसा पूर्ण गेला. बर्फही गेला.

“कुठी गेला?” आत्याबाईंनी विचारलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि आयुष्यात ज्याची मला सर्वांत लाज वाटते ते वाक्य मी बोललो.

“गाडी हळू आली. वाटेतच आतून झिजला असेल.”

गाडीवान माझ्याकडे पाहत राहिला. नांगरताना चुकीच्या तासात शिरलेल्या बैलाकडे पाहावं तसं.

“माह्या बाबाची घागर तू वाटेत सांडली रे,” आत्याबाई त्याला म्हणाल्या. त्याने मान खाली घातली. माझी ताठच होती. ती वाकवायला हवी, हे मला कळत होतं.

धुण्याचं सगळं पाणी वाहत जाऊन गुरांच्या दगडी डोणीत साचलं होतं. गाडीच्या, सकाळपासून तहानलेल्या पांढऱ्या बैलाने त्यात तोंड घातलं आणि तो थबकला. डोळे मिटले. मग तो पीत राहिला. शेवटी तोंड वर करून त्याने दोनदा मान झटकली आणि मोठ्याने शिंकला.

आत्याबाईंनी विहिरीचा खांब धरला.

“बाबा पानी पेले का असेच कराचे,” त्या म्हणाल्या. “मान झटकाचे आन् शिंकाचे.”

त्यांनी ताटात पुरणपोळ्या आणून बैलाला चारल्या. गाडीवानाला पाटावर बसवून वाढलं आणि नवं धोतर दिलं. “तू पानी दाखोलं नाई म्हनून बाबा तहानेले राह्यले, आन् गार पानी पेले,” असं त्याला चार वेळा सांगितलं. माझ्या खोटेपणातून त्याला धोतर मिळालं, हे पाहून मला हायसं वाटलं. हायसं वाटलं याचीही मग लाज वाटली.

दोन वर्षं हे मनात डाचत राहिलं. शेवटी एका अखजीला आत्याबाई एकट्याच वाती वळत बसलेल्या पाहून मी त्यांच्यासमोर बसलो.

“आत्याबाई, तो दगड नव्हता. पाणीच होतं.”

त्यांच्या बोटांतली वात थांबली. “म्हनजे म्या बाबाले ओवळं पानी पाजलं?”

माफीची पाच वाक्यं मी मलकापुरापासून पाठ करत आलो होतो. आत्याबाईंनी हातातली वात खाली ठेवली.

“नाही हो,” मी म्हणालो. “माह्या ध्यानात चुकीचं राह्यलं. दगडच होता.”

“पांढरा,” त्या म्हणाल्या आणि पुढची वात वळायला लागल्या.