स्वर्गातला दोरवाला

नाट्यगृहात रंगमंचाच्या वर, अगदी छताला लागून, एक लाकडी माळा होता. सगळे त्याला स्वर्ग म्हणत. खालून कुणी हाक मारली, "स्वर्गात कोण आहे?" की दोरवाला वरून ओरडायचा, "मी! अजून जिवंत आहे!" बायको चिडवायची, "तुम्ही जिवंतपणीच स्वर्गात जाऊन बसता आणि घरचं सगळं माझ्या गळ्यात."

काम साधं, पण जिवाशी खेळ. कप्पीवरून गेलेल्या दोराच्या एका टोकाला परीचा झोपाळा, दुसऱ्या टोकाला नटीच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या. दोन्हीकडे भार सारखा असला की परी नुसत्या बोटांनी खाली सोडता येई.

त्या संध्याकाळी नटीला ताप भरला आणि परीचं काम ऐनवेळी दोरवाल्याच्या लेकीला मिळालं. बापाला स्वर्ग दोन बोटं उरला! भेटेल त्याला सांगत सुटला आणि त्या नादात पिशव्या कमी करायच्याच विसरला. नटी चांगली भारदस्त; लेक म्हणजे नुसती काडी.

पडदा उघडला. लेक झोपाळ्यावर बसली. त्याने दोर रोखणारा आकडा काढला मात्र, झोपाळा खाली जायचा सोडून वरच उचलला गेला. वर लोखंडी कप्पी, आणि पोरीचं डोकं तिच्यापासून हातभर.

"मेलो!" तो पुटपुटला. ओरडायची सोय नव्हती. पोर दचकली असती तर तोलच गेला असता. त्याने झडप घालून पिशव्यांकडचा दोर मनगटाला गुंडाळला, पाय तुळईला रोवले आणि तो जास्तीचा भार वर ओढू लागला. तळहात सोलून निघाले. हात सुटला की पोर गेली, एवढंच त्याला कळत होतं. आयुष्यात इतका तो कधी घाबरला नव्हता. इंच इंच करत परी खाली उतरली, तिचे पाय टेकले, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने दोर खुंट्याला बांधला.

मध्यंतरात लेक चहा घेऊन शिडी चढून आली. "बाबा, आधी जरा हिसका बसला, पण मग काय अलगद सोडलंत हो! स्वर्गसुख म्हणतात ते हेच."

त्याने हात पाठीमागे घेतले. "ठेव तिथे. जा, पुढचा प्रवेश तुझाच आहे."

शेवटच्या अंकात परीला परत वर न्यायचं होतं. लेक उतरून गेली तसा तो जास्तीच्या पिशव्या सोडायला वाकला. बोटं मिटत नव्हती, म्हणून पहिल्या पिशवीची गाठ त्याने दातांत धरली.

"स्वर्गात कोण आहे?" खालून कुणीतरी हाक मारली.

आज उत्तर आलं नाही.