सारणात गूळ कमी

मुलांनो, आमच्या वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या बाई दुसऱ्यांकडे गेल्या की मोदकाला ‘नको’ म्हणायच्या आणि घरी ओट्याशी उभ्यानेच पाच-सहा संपवायच्या. मग स्वतःलाच शिक्षा म्हणून दोन दिवस उपास. त्यांनीच मला हे सांगितलं. आता समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून त्या खाण्याबद्दलचा विचार वहीत लिहितात आणि तो खरा ठरतो का, ते पाहतात.

यंदा गणपतीत त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा मी सवयीने त्यांचं पान मांडलंच नाही.

“काकू, मला नाही का?”

त्या बसल्या. तूप घालून एक मोदक सावकाश खाल्ला, मग आणखी अर्धाच मागितला.

“मोदक खाल्ला की सगळं बिघडणार, असं सकाळी लिहिलंय मी.”

“मग?”

“काही बिघडलं नाही. सारणात गूळ मात्र कमी पडलाय.”

माझ्या मोदकांना कुणी नावं ठेवल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.