आवसेचं पाणी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आई गेली, तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय – तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय का? असेल तसंही.

विट्याजवळच्या आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी. पुढं सांगलीला एम.एस्सी. केलं. याचा मला अभिमान होता, आजही आहे, खोटं कशाला बोलू? आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव येरळा नदीत सोडले होते. मी त्यांच्याही पुढचा. गावात कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली की थांबून भाषण देणारा. विज्ञानाचा माणूस.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या सरांनी रत्नागिरीकडच्या एका खाडीत काम घेतलं होतं. जग तापत चाललंय, समुद्र चढणार. मग खाऱ्या चिखलात उभी राहणारी कांदळवनं टिकतील का? त्यांच्या मुळांत खेकडे वाढतात, आडोशाला पाणमांजरं राहतात. तोड झालेल्या जागी रोपं लावायची होती, पण त्याआधी सर्वांत मोठी भरती कुठवर येते हे कळायला हवं. म्हणून चिखलात आकडे रंगवलेली पट्टी रोवली होती. दोन्ही भरत्या सारख्या चढत नाहीत, म्हणून पौर्णिमेलाही आणि अमावास्येलाही, दुपारी बाराच्या सुमारास पाणी पूर्ण भरलं की पट्टीवरचा आकडा वहीत उतरवायचा. सांगलीहून एसटीनं आंबा घाट उतरून जायचं. हे काम माझं.

पौर्णिमेला गेलो. एकही चुकवली नाही.

आणि अमावास्येला?

पहिल्या खेपेला मी गावी होतो, आईनं अडवलं. "आवसंचं घाट उतरू नगंस, लेका." मी चिडलो, तिला हसलो – आणि गेलो नाही. सरांना काय सांगणार? विज्ञानाचा माणूस आवस पाळतो म्हणून? वहीत पौर्णिमेचाच आकडा घातला, दोन सेंटीमीटर इकडचे तिकडे करून.

आईच्या नावावर हे खपलं असतं. पण दुसऱ्या अमावास्येला आई काहीच बोलली नव्हती. मी सांगलीत खोलीवर होतो, पिशवी भरली होती, स्टँडपर्यंत गेलोही. गाडी लागलेली होती. मी परत आलो. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. आजोबांना देव सोडता आले, मला आवस सोडता आली नाही. अशा सहा अमावास्या मी खाडीवर न जाताच वहीत भरल्या.

खाडीवर आण्णा राहायचे. लोणंदचे, सैन्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर घरी करमेना, म्हणून सरांच्या ओळखीनं इथं आले. रोपं त्यांनीच वाढवली, काळ्या पिशव्यांत, एकेकाला हात लावून. माझ्यासारखाच घाटावरचा माणूस, पण चार महिन्यांत पाणी ओळखायला लागला. मोठी भरती आली की माडाच्या बुंध्यावर कोयत्यानं खूण करायचे. मला म्हणायचे, "काय सायंटिस्ट, आवसंला समुद्राला सुट्टी असती व्हय रं?"

मी हसण्यावारी न्यायचो. त्यांना माहीत होतं.

लावणीआधी पिशव्या पाण्याजवळ, पण पाण्याबाहेर मांडायच्या होत्या. सर आले, वही उघडली, जागा दाखवली. आण्णा म्हणाले, "सायेब, हितनं वर घ्या. आवसंचं पाणी हितवर येतंय." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वहीत तसं नाही, सर."

पुढच्याच अमावास्येच्या भरतीनं पिशव्या नेल्या. दोन दिवसांनी सर आणि मी पोचलो तेव्हा चिखलात नुसतं काळं प्लास्टिक अडकलेलं. सर आण्णांना म्हणाले, वहीप्रमाणे इथवर पाणी येतच नाही, म्हणजे पाणी घालायचा त्रास वाचवायला तुम्हीच पिशव्या खाली सरकवल्या. आण्णा वाद घालत बसले नाहीत. सरांना माडापाशी घेऊन गेले. "ह्यी आवसंची खूण. ह्यी पुनवंची. बघा की सोता."

सर माझ्याकडे वळले. आण्णाही माझ्याकडे बघत राहिले. हा आवसेला इथं नसतोच – एवढं एक वाक्य त्यांना बोलता आलं असतं. बोलले नाहीत. ते मी बोलावं म्हणून थांबले होते का? मी काय बोललो?

"त्या खुणा कधीच्याही असतील, सर."

आण्णांनी त्याच दुपारी ट्रंक बांधली. मी उचलू लागलो तर म्हणाले, "र्‍हाऊ दे." तेवढंच.

रोपं परत लावलीच नाहीत. काम बंद पडलं.

दोनेक वर्षांनी लोणंदच्या कांदा बाजारात ते दिसले. मी तोंड चुकवत होतो, त्यांनीच हाक मारली. "आरं, सायंटिस्ट." चहा पाजला. घरी एकटाच असतो, म्हणाले. मग कपाकडे बघत विचारलं, "रोपं लावली का रं परत?"

"लावली."

"वर घेतली न्हवं?"

"व्हय आण्णा. तुमच्या खुणेच्या वर."

"मग जगतील," ते म्हणाले आणि पहिल्यांदा नीट हसले.

ते खोटं मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो नाही. मला तिथून उठायचं होतं.

अजूनही अमावास्येला बारा वाजले की मी घड्याळ बघतो. सांगलीत समुद्र नाही. घरात कुणी विचारत नाही, काय बघतोस म्हणून.

ती वही कॉलेजच्या कपाटात आहे. समुद्र किती चढला हे पुढं कुणी मोजायला घेतलं, तर त्या वहीपासूनच सुरुवात करील. माझं अक्षर चांगलं आहे. सहा अमावास्यांपुढं सहा आकडे, कुठं खाडाखोड नाही. त्यातलं एकही पाणी मी पाहिलेलं नाही.