गेटपर्यंतचा उतार

इंदिरानगरमधल्या आमच्या रो-हाऊसच्या दारापासून गेटपर्यंत उतार आहे. निवृत्तीनंतर बाबांनी तिथे चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या, हॉलमध्ये शोभाव्यात अशा. येणारा प्रत्येक जण कौतुक करायचा आणि जाताना भिंतीला हात लावून उतरायचा. उन्हाळ्यात काही कळलं नाही. थंडी पडली, रात्रीचं दव टाइल्सवर साचायला लागलं, तेव्हा पेपरवाला गेटवरूनच पेपर फेकू लागला.

त्याच थंडीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. सकाळचं ऊन आमच्या घरात येत नाही, ते गेटपाशी पडतं. आईला तिथे जाऊन बसायचं होतं. पहिल्याच दिवशी वॉकरचा पुढचा पाय सरकला. आई पडली नाही, उभ्या गाडीचा आरसा धरून थांबली. पण त्यानंतर ती बाहेर यायलाच तयार होईना. डायनिंग टेबलाभोवती चालायची, तेही जेमतेम. गुडघा आखडत चालला होता.

मी घरात सहसा वाद घालत नाही. माझं वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळतं, मग मराठीत येतं, तोवर विषय बदललेला असतो. म्हणून आधी न बोलता करण्यासारखं सगळं केलं. लवकर उठून उतार कोरडा पुसला. आई आवरून येईपर्यंत तो पुन्हा ओलसर. गोणपाट अंथरले, ते माझ्यासकट घसरले.

"आता तू कशाला पडतेस?" आई खिडकीतून म्हणाली. "घरात एक लंगडी पुरे."

चहाच्या वेळी मी बाबांना सांगितलं, "उतारावर कटरने खाचा पाडून घ्यायच्यात."

"खाचा? अगं, सगळा शो जाईल."

"जाऊ दे."

"थंडी संपेपर्यंत थांबू. मग दवही नसेल."

"तोवर आईचा गुडघा वाकायचा बंद होईल, बाबा."

त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. हा त्यांचा नकार. एरवी मी इथे उठून गेले असते. या वेळी बसून राहिले. चहा गार झाला, तरी बसले.

"सरळ रेषेत पाड म्हणावं," शेवटी पेपरामागून आवाज आला. "वाकड्या चालणार नाहीत."

फरशीवाला मेसेजला उत्तर देईना, म्हणून फोन करावा लागला.

"मॅडम, नव्या टाइल्स खराब करायच्या?"

"हो. उद्याच या."

तो आला, दिवसभर धूळ उडाली. बाबा दोरी धरून त्याच्या डोक्यावर उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वॉकर घेऊन दारात आली. "ओलंच दिसतंय."

"ओलं आहे, पण पाय धरतंय. मी आत्ताच चालून पाहिलं."

मी तिच्या पाठीला हात लावला.

"हात काढ बाई. तुझ्या हातानेच मला जास्त भीती वाटते."

मी हात काढला. तिने वॉकर पुढे टेकवला, दाबून पाहिला, मग पाऊल टाकलं. बाबा खाली गेटपाशी खुर्ची घेऊन थांबले होते. अर्ध्यावर ती थबकली. पुढे व्हावंसं वाटलं, तरी मी जागची हलले नाही. तिने खाली, खाचांकडे नीट पाहिलं.

"किती भयाण दिसतंय हे," ती म्हणाली आणि वॉकर पुढे टाकला.