बाबांचा तिसरा डोळा आणि महादेवाचं सोंग

बाबांनी तिसरा डोळा उघडायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांचे पहिले दोन मिटत चालले होते. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, आई सोडून. "असलेल्या दोघांची निगा राखा आधी, मग तिसऱ्याचं बघू," असं ती म्हणायची आणि त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंबही तीच घालायची.

बाबा जव्हारला प्राथमिक शाळेत मास्तर होते. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि मी डी.एड. करत होते, म्हणजे जगातलं सगळं आपल्याला कळतं असं वाटण्याच्या वयात होते. नाशिकच्या डॉक्टरांनी बाबांना काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची. समोरचं त्यांना बरं दिसायचं, पण कडेकडेचं पुसत चाललं होतं, आणि अंधुक उजेडात तर फारच. फळ्यावर लिहायला अडचण नव्हती. दारातून आत येताना मात्र खांदा चौकटीला लागायचा आणि मग ते चौकटीकडे असे बघायचे, जणू तीच जागची सरकली होती.

आमचं मूळ गाव मोखाड्याकडचं, पोशेऱ्याच्या अंगाला. तिथे उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचत देवीच्या देवळापर्यंत जातात. एकेका देवाचं सोंग एकेका घराकडे असतं. महादेवाचं आमच्याकडे. मोठे काका गेल्यापासून ते बाबा नाचवायचे. मुखवटा लाकडी, निळा, चांगलाच जड, आणि कपाळावर उभा तिसरा डोळा, लाल कडेचा. गंमत अशी, की रंगवलेल्या तिन्ही डोळ्यांतून काहीच दिसत नाही. बघायचं ते खाली पाडलेल्या बारीक चिरांमधून, आणि चांगल्या नजरेच्या माणसालाही त्यातून जेमतेम पुढचं पाऊल दिसतं.

आदल्या वर्षी बाबा पारापाशी चुकले. तिथे वाट एकदम देवळाकडे वळते आणि सरळ गेलं तर दगडांचा उतार लागतो. बाबा सरळ गेले आणि गुडघ्यावर आले. मुखवटा वाचला, गुडघा फुटला. मुखवटा मातीला लागला तर सोंग त्या घराकडून जातं, असा आमच्या गावचा रिवाज. तेव्हा जाणती माणसं आमच्या पडवीत येऊन बसली आणि त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "मास्तर, तुला दिसं नाय. पुतण्याला दे आता."

पुतण्या म्हणजे काकांचा मुलगा, ठाण्याला कंपनीत कामाला, सोंगासाठी जीव टाकणारा. तो शेजारीच बसला होता आणि लाजेने जमिनीकडे बघत होता.

"देईन," बाबा म्हणाले. गावात आले की त्यांची शाळेतली भाषा पार वितळायची. "पण एक साल दे मला. गुडघ्यावर येऊन नाय सोडायचा. उभ्यानं सोडीन."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि एक साल दिलं. आता बाबा पडले असते तर त्यांच्याबरोबर पुतण्याचंही सोंग गेलं असतं. हे बाबांना पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांची झोप उडाली होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात जव्हारला एका सभागृहात ध्यानाचं शिबिर भरलं. बाहेर कापडी फलक होता, 'तिसरा डोळा जागृत करा.' बाबा तो फलक वाचून थेट आत गेले. मला वाटतं, त्या शिबिरात सगळ्यात सरळ कामासाठी आलेले तेच असतील. बाकीच्यांना मनःशांती हवी होती, बाबांना पारापाशी वळायचं होतं.

शिबिराचे गुरुजी शहरातले होते, पांढऱ्या झब्ब्यातले, बोलायला गोड. शंका विचारा म्हणाले, तर बाबा उभे राहिले. "गुरुजी, मुखवटा घातल्यावर लक्ष कुठल्या डोळ्यावर ठेवायचं? आपल्या कपाळावर, की बाहेर रंगवलेल्यावर?" गुरुजींनी डोळे मिटले, मान डोलावली आणि माणूस जन्मभर किती मुखवटे घालून वावरतो यावर भरभरून बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा घरी येऊन म्हणाले, "माणूस भला आहे, पण माझं उत्तर राहिलंच."

तरी साधना त्यांनी मनापासून धरली. पहाटे चूळ भरून पाटावर बसायचे, पाठ ताठ, लक्ष दोन भुवयांच्या मध्ये. मलाही बसवायचे. मला भुवयांमध्ये खाज सुटायची, पायांना मुंग्या यायच्या आणि मग छान झोप लागायची. एकदा त्यांनी माझे डोळे मिटायला लावले आणि आपलं बोट माझ्या कपाळाजवळ आणलं, न लावता. तिथे खरंच काहीतरी शिरशिरलं. मला रागच आला, कारण विश्वास ठेवायचा नाही असं मी आधीच ठरवून टाकलं होतं.

"तुम्हाला काय दिसतं हो आत?" मी विचारलं.

"अंधार."

"मग काय उपयोग?"

"पहिल्यांदा अंधार दिसला की घाबरायला व्हायचं. आता तेवढं होत नाही. म्हटलं, तू आहेस तर अस, बस इथे माझ्याजवळ."

बाबा घाबरतात हेच मला तोवर माहीत नव्हतं. मी चहा टाकायच्या निमित्ताने उठले आणि चुलीपाशी डोळे पुसून घेतले.

थंडी ओसरली तसा मागच्या अंगणात सराव सुरू झाला. डोक्यावर तोंड झाकेल अशी बांबूची टोपली पालथी घालून बाबा पावलं टाकायचे आणि मी पुढून तोंडाने संबळ वाजवायची. हसू नका, माझा संबळ चांगला वाजायचा. एकदा ते तालात रंगून थेट वाळत घातलेल्या कपड्यांत घुसले आणि आईचं ओलं पातळ टोपलीभोवती गुंडाळून बाहेर आले. "महादेवाने पार्वतीचं पातळ नेसलं बाई!" म्हणत आई पोट धरून हसली. टोपलीच्या आत बाबाही हसत होते.

पण आई हसून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. बोहाड्यासाठी आम्ही जीपने गावी गेलो, तशी ती पदर खोचून घरोघर निघाली. मी बरोबर होते. मराठीपेक्षा गावची बोली तिच्या तोंडात दुप्पट वेगाने चालायची. प्रत्येक दाराशी तिचं एकच मागणं. महादेवाचं सोंग तुमच्यापुढून जाईल तेव्हा गप्प राहायचं नाही. बोला, भांडा, पोरांना हाका मारा, म्हणजे वाटेची कड कुठे आहे ते त्यांना कळेल. आणि मास्तरांना यातलं काही कळता कामा नये. पाराजवळच्या वळणावर तिने खुद्द मोठ्या काकीला नेमलं. काकीने तिथे खोकायचं.

"त्यांनी त्यांचं ध्यान करावं," परतताना आई म्हणाली. "मी माझं करते."

शेवटच्या दिवशी महादेव निघाला तेव्हा उजाडत होतं. टेंभ्यांचा धूर आणि कच्चा उजेड, म्हणजे बाबांच्या डोळ्यांना सगळ्यात वैरी वेळ. पुतण्या मागून त्यांच्या कमरेचा शेला धरून होता, पण शेला धरणाऱ्याने ओढायचं नसतं, नुसतं सोबत चालायचं असतं. बाबा आले ते मात्र डौलात. आणि गावाने तर कमाल केली. ज्यांना सांगितलं होतं ते बोललेच, ज्यांना नव्हतं तेही बोलले. एका म्हातारीने भर सकाळी रानात गेलेल्या बकरीला हाका मारल्या. कुठल्याच बोहाड्यात एवढा गलका झाला नसेल. बाबा दोन्ही कडांच्या मधोमध, बरोब्बर तालात पुढे सरकत होते, आणि आई माझ्या कानात म्हणाली, "बघ."

मग ते पारापाशी आले, आणि संबळ थांबला.

थांबणारच होता. देवळाकडे वळण्याआधी सोंग तिथे उभं राहतं आणि सगळा गाव हात जोडतो, हे दरवर्षीचंच. गावाला पढवण्याच्या नादात आई तेवढं साफ विसरली होती. क्षणात गलका बंद. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले, काकीनेही. बाबांचं तोंड उताराकडे होतं आणि कुठूनही साधा शिंकेचाही आवाज नव्हता. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तिला ओरडता येत नव्हतं.

बाबा उभे होते. रिवाजापेक्षा जास्त वेळ उभे होते. संबळवाला बावरून त्यांच्याकडे बघायला लागला. मुखवट्यावरचा लाल कडेचा डोळा टक्क उघडा, आणि त्याच्या आत माझे बाबा, एकटे. मग त्यांचं डावं पाऊल जरासं उचललं, जमिनीवरून चाचपत बाजूला टेकलं, आणि ते सबंध वळले, देवळाकडे तोंड करून. तेवढ्यात काकीला आठवण झाली आणि ती इतकी जोरात खोकली की शेजारच्या बाईने तिच्या पाठीवर थोपटलं. संबळ पुन्हा सुरू झाला. बाबा उभ्याने देवळात गेले.

घरी आल्यावर मुखवटा पाटावर ठेवून बाबा पडवीत टेकले. घामाने निथळत होते. आईने डोकं मागे धरून त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले.

"मग? उघडला का तिसरा?" तिने विचारलं. आवाज चेष्टेचा होता.

बाबा डोळे मिटून होते. थेंब घातल्यावर ते असेच बसायचे.

"दिसलं काही नाही," ते म्हणाले. "घाबरलो. मग म्हटलं, घाई नको. उभा राहिलो. राहता राहता पायांना वाट कळली." मग म्हणाले, "आणि वहिनींना सांग, त्या उशिरा खोकल्या. मी आधीच वळलो होतो."

आई तोंडावर पदर धरून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. बाबांनी अंदाजाने हात पुढे केला, तो नेमका तिच्या खांद्यावर पडला. इतकं प्रेम मी त्या दोघांत तोवर कधी उघड बघितलं नव्हतं.

पुतण्या शेला हातात घेऊन दारातच उभा होता. बाबांनी त्याला जवळ बोलावलं, पाटावरचा मुखवटा त्याच्या हातात दिला आणि आपल्यासमोर बसायला सांगितलं. त्याने अधीरपणे मुखवटा चढवायला घेतला. बाबांनी त्याचा हात धरला.

"थांब," ते म्हणाले. "आधी डोळे मिट."

त्याने मुकाट्याने मिटले, आणि बाबांनी आपलं बोट त्याच्या कपाळाजवळ नेलं.